हेडशॉट प्रकल्प: पुण्यातल्या रंगभूमीवरील कलाकारांसाठी केलेल्या छायाचित्रणाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवायला सुरुवात करत आहे. पुण्याच्या प्रायोगिक आणि स्पर्धांच्या रंगमंचावर बरेच काम केलेले, पण मालिका, चित्रपट आणि जाहिरातींसाठी आता मुंबईकडे पाहणारे अनेक कलाकार आमच्या ओळखीत आहेत. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या निमित्ताने भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा उभे राहिलेले, पुढे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकलेले किंवा नोकरी सांभाळून सुदर्शन रंगमंचावर प्रयोग करणारे हे नट अभिनयात कच्चे नाहीत. कच्चा असतो तो त्यांनी पाठवलेला फोटो. कोणी मित्राच्या लग्नातला शेरवानीतला फोटो पाठवतो, कोणी सिंहगडावर गॉगल लावून उभा असतो, कोणाचा फोटो प्रयोगातला, पूर्ण रंगभूषेत आणि निळ्या प्रकाशात काढलेला असतो. यांतल्या एकाही फोटोत तो नट नेमका कसा दिसतो हे कळत नाही, आणि ज्याला दिवसभरात असंख्य फोटो पाहायचे आहेत तो माणूस न कळणाऱ्या फोटोवर थांबत नाही.

म्हणून आमचे दिग्दर्शक मित्र आणि मी मिळून या कलाकारांचे हेडशॉट, म्हणजे भूमिकांसाठी पाठवायचे चेहऱ्याचे साधे फोटो, काढायचे ठरवले आहे. मागे लावायच्या पडद्याचे भाडे, ये-जा आणि चहापाणी एवढाच खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा आहे.

या फोटोकडून काय हवे आहे ते सुरुवातीलाच लिहून ठेवते. चौकटीत एकच व्यक्ती असावी, छातीच्या वरच्या भागापासून डोक्यापर्यंत. नजर थेट भिंगात, डोळे लख्ख, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू वाचता येतील इतका प्रकाश, आणि मागे लक्ष वेधून घेणारे काहीही नाही. फोटो पाहून ज्याला बोलावले तोच माणूस दारातून आत आला पाहिजे. पोर्टफोलिओ ही निराळी गोष्ट आहे. त्यात पूर्णाकृती छायाचित्रे, वेगवेगळे पोशाख, नृत्य, व्यायामाने कमावलेले शरीर असे सगळे येते, आणि मॉडेलिंग करणाऱ्यांना त्याची खरोखर गरज असते. अभिनयासाठी निवड करणारी व्यक्ती मात्र आधी चेहरा पाहते आणि बाकीचे नंतर मागवते. पोर्टफोलिओवर मोठी रक्कम खर्च केलेल्या दोघांकडे आज साधा, सरळ पाहणारा एकही फोटो निघाला नाही, हे मला फार लागले.

९ ऑक्टोबर

मुंबईला जाऊन आले. अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये कास्टिंगची, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणारी, कार्यालये आणि तालमीच्या जागा एकमेकींना लागून आहेत. तिथल्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या मुलामुलींच्या पाठीवरच्या पिशवीत एक जादा शर्ट किंवा कुर्ता असतोच. एका कार्यालयात सहायक म्हणून काम करणाऱ्या बाईंनी आम्हाला तासभर वेळ दिला आणि फोटो प्रत्यक्षात कसे पाहिले जातात ते स्वतःच्या फोनवर दाखवले.

त्यांच्याकडे आधी भूमिकेचे वर्णन येते: वय अट्ठावीस ते पस्तीस, तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेतला कारकून, वऱ्हाडी बोली यावी, शरीरयष्टी साधारण. त्यावरून त्या फोनवर आलेले फोटो बोटाने वर सरकवत जातात, आणि एकेका चेहऱ्यावर त्यांची नजर क्षणभरच टेकते. जो जुळेल असे वाटते त्याला संवादाचा उतारा पाठवून सेल्फ टेप, म्हणजे नटाने स्वतःच चित्रित केलेला अभिनय, मागवली जाते. म्हणजे फोटोमुळे भूमिका मिळत नाही, फक्त स्वतःचा अभिनय दाखवण्याची संधी मिळते. हे मी आमच्या कलाकारांना पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण अनेक जण एका फोटोवर सगळा भार टाकतात आणि मग त्यात वीर, प्रियकर, खलनायक असे सगळेच दिसावे म्हणून धडपडतात.

त्यांची मोठी तक्रार वेगळीच होती. फोटोत दिसणारा माणूस आणि कॅमेऱ्यासमोर येणारा माणूस यांच्यात पाच-सात वर्षांचे, कधी दहा-बारा किलोंचे आणि अनेकदा त्वचेच्या दोन-तीन छटांचे अंतर असते. ऑडिशनच्या सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव सांगून डावी बाजू, उजवी बाजू आणि दोन्ही हात दाखवायचे असतात. त्या अर्ध्या मिनिटातच हे अंतर उघडे पडते, आणि मग पुढचा अभिनय कितीही चांगला झाला तरी पाहणाऱ्याच्या मनात फसवले गेल्याची भावना राहते.

परतीच्या गाडीत आम्ही ठरवले की प्रत्येक कलाकाराचे दोनच फोटो अंतिम करायचे. एकात चेहरा मोकळा, माणूस गप्पांना बसल्यासारखा वाटेल असा. दुसऱ्यात तोच चेहरा गंभीर, आत काही चालू असलेला. मराठी मालिकांचे काम आता गोरेगावची चित्रनगरी आणि ठाण्याचा घोडबंदर रस्ता एवढ्यावर थांबलेले नाही. वाई-सातारा आणि कोल्हापूरकडेही चित्रीकरण होते आणि तिथल्या लहान भूमिकांसाठी आसपासचे चेहरे शोधले जातात. त्यामुळे आमच्या कलाकारांना शहरी दाखवण्याचा प्रयत्न मुळीच करायचा नाही, हेही त्याच गाडीत पक्के झाले.

१३ ऑक्टोबर

जागा आणि साधने यांची चाचणी. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची तालमीची खोली मिळाली आहे. तिला उत्तरेकडे उघडणारी मोठी खिडकी आहे, आणि ती पाहूनच मी होकार दिला. सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे मार्चपर्यंत या खिडकीतून थेट ऊन येत नाही आणि सकाळपासून दुपारपर्यंत प्रकाश मऊ व बराचसा एकसारखा राहतो. उन्हाळ्यात ही सोय उरत नाही. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यदेखील उत्तरेच्या बाजूला असतो, म्हणून उत्तरेची खिडकी बारमाही सावलीची असते हा युरोपातल्या चित्रकारांचा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

खिडकी कलाकाराच्या डाव्या बाजूला, थोडी पुढे ठेवली. उजव्या बाजूला थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता उभा केला. मुंबईच्या सेटवर प्रकाश परतवायला हाच वापरतात आणि चंदेरी रिफ्लेक्टरपेक्षा त्याचा प्रकाश फार सौम्य पडतो. गोल, भरलेल्या चेहऱ्यांसाठी तोच तक्ता काढून तिथे काळे कापड धरले, तेव्हा गालाच्या कडेला हलकी सावली येऊन हाडांची ठेवण दिसू लागली.

भिंग आणि अंतर यांवर बराच वेळ दिला, कारण चेहऱ्याचे प्रमाण बिघडते ते बहुधा इथेच. लोक भिंगाला दोष देतात, पण नाक मोठे दिसणे हा मूलतः अंतराचा परिणाम आहे. जवळून पाहिले की नाक कॅमेऱ्याच्या फार निकट आणि कान त्यामानाने फार लांब असतात, म्हणून नाक फुगते आणि चेहरा अरुंद होतो. अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या शल्यचिकित्सकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे गणित मांडले होते की १२ इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी ५ फुटांवरून घेतलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी जास्त भासते. आमच्या कलाकारांपैकी ज्यांना स्वतःचे नाक आवडत नाही त्यांनी ते आजवर बहुतेक हातभर अंतरावरूनच पाहिलेले आहे. आम्ही ८५ मिलिमीटरचे भिंग घेऊन साडेसहा फुटांवर उभे राहायचे ठरवले आहे.

ॲपर्चरचाही, म्हणजे भिंगाचे छिद्र किती उघडायचे याचाही, प्रश्न होता. हल्ली डोळे स्पष्ट आणि बाकी सगळे धूसर असा फोटो लोकप्रिय आहे. एवढ्या अंतरावर हे भिंग एफ/१.८ वर उघडले तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा राहतो. मान किंचित वळवली तरी दूरचा डोळा त्यातून निसटू लागतो आणि कान तर विरघळूनच जातो. छिद्र लहान करून एफ/४ ला नेले की तोच पट्टा तेरा सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि चेहरा पूर्ण मिळतो. फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. मागचा करडा पडदा कलाकारापासून सहा फूट मागे घेतला, म्हणजे त्याच्या चुण्या आपोआप नाहीशा होतात आणि डोक्याची सावलीही त्यावर पडत नाही.

१९ ऑक्टोबर

पहिली सत्रे. सोलापूर जिल्ह्यातून शिकायला येऊन इथेच स्थिरावलेला एक नट सकाळी आला आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाला, "ताई, जरा उजळ काढा हं. काळा दिसलो तर नोकराचंच काम देतात." त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असे मला म्हणता येणार नाही. पडद्यावर सावळ्या वर्णाला कोणत्या भूमिका मिळत आल्या आहेत हे आपण सगळे पाहतो. तरीही त्याला मी जे सांगितले ते इथे लिहून ठेवते. फोटोत उजळ करून पाठवला तर तो सावळ्या माणसासाठी लिहिलेल्या भूमिकेतूनही वगळला जाईल आणि गोऱ्या माणसाच्या भूमिकेसाठी बोलावल्यावर दारातच नाकारला जाईल. म्हणजे दोन्हीकडून नुकसान त्याचेच. अलीकडच्या मराठी चित्रपटांत आणि मालिकांत मातीतल्या चेहऱ्यांना मध्यवर्ती भूमिका मिळू लागल्या आहेत, आणि त्या भूमिकांसाठी शोधणाऱ्याला त्याचा हाच चेहरा हवा आहे.

त्याच्या तक्रारीला एक तांत्रिक बाजूही आहे, आणि ती छायाचित्रकाराने समजून घेतलीच पाहिजे. सावळी त्वचा फोटोत काळवंडते, निर्जीव दिसते, याचा दोष त्वचेकडे नसतो. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना जे नमुन्याचे छायाचित्र पुरवत असे त्यावर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे, आणि त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांना एकत्र दाखवणारी कार्डे १९९० च्या दशकात आली. म्हणजे कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत ‘बरोबर’ त्वचा एकाच वर्णाची मानली जात होती. आज फोनमधली सौंदर्य वाढवणारी सोय आपोआप चेहरा उजळ आणि गुळगुळीत करते, तेव्हा तीच जुनी समजूत नव्या रूपात काम करत असते.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या सगळ्या चौकटीची सरासरी मध्यम करड्यावर आणू पाहतो. त्यामुळे नटाने पांढरा शर्ट घातला असेल तर चौकट एकूण उजळ आहे असे समजून कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि चेहरा अंधारात जातो. आम्ही चेहऱ्याजवळ १८ टक्के प्रकाश परतवणारे करडे कार्ड धरून मोजमाप घेतले, रंगांचे संतुलनही त्यावरूनच ठरवले, आणि पांढऱ्या शर्टाऐवजी त्याला गडद विटकरी कुर्ता दिला. सावळ्या चेहऱ्याला आकार येतो तो मुख्यतः त्वचेवरच्या चकाकीच्या पट्ट्यांमधून. कपाळ, गालाचे हाड, नाकाची धार यांवर मोठ्या खिडकीचे मऊ प्रतिबिंब पडले पाहिजे, म्हणून पावडर लावून सगळी चकाकी मारून टाकायची नाही, फक्त घामाचे ठिपके टिपून घ्यायचे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पहिला फोटो पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हा माझा काका दिसतोय, गावचा पोलीस पाटील." ही भूमिका त्याला कोणी दिली तर तो ती उत्तम करेल याची मला खात्री आहे.

२६ ऑक्टोबर

आजचे सत्र या सगळ्या कामातले सर्वांत महत्त्वाचे ठरले, म्हणून सविस्तर लिहिते.

रंगमंचावरच्या नटाला शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचायचे असते. त्याच्या भुवया, जबडा, मान हे सगळे त्या अंतरासाठी घडलेले असतात. साडेसहा फुटांवर भिंग ठेवले की हेच कौशल्य अडचणीचे होते. ‘गंभीर’ म्हटले की कपाळावर आठ्या पडतात, ‘प्रसन्न’ म्हटले की बत्तीशी दिसते, आणि डोळ्यांत मात्र फोटो कसा येतोय याची काळजी तशीच राहते. गेल्या आठवड्यातल्या बऱ्याच फोटोंत भाव स्पष्ट आहे आणि माणूस दिसत नाही.

दिग्दर्शक मित्रांनी सुचवले की फोटोसाठी काहीच करायला सांगू नये, प्रसंग द्यावा आणि समोरच्याचे ऐकायला लावावे. त्यांनी स्वतः भिंगाच्या अगदी शेजारी स्टूल टाकले आणि संहितेतला सहनटाचा भाग ते हळू आवाजात बोलू लागले. खुर्चीतल्या कलाकाराने उत्तर मनात द्यायचे, ओठ हलवायचे नाहीत. बँकेत काम करणारी, चाळिशी ओलांडलेली आमची एक अभिनेत्री होती. तिला प्रसंग दिला असा: मुलगा परदेशातून फोनवर सांगतो आहे की या दिवाळीलाही त्याला यायला जमणार नाही, आणि तो हे फार हसतखेळत सांगतो आहे. ती ऐकत गेली. चेहऱ्यावर ठळक असे काहीच घडले नाही, पण खालची पापणी किंचित वर आली, श्वास एका जागी अडला, आणि मग तिने त्याला समजून घेतल्याचे डोळ्यांत दिसले. ते तीन-चार क्षण मी सलग टिपले. त्यातला मधला फोटो आम्ही दोघांनी एकाच वेळी बोट ठेवून निवडला.

तेव्हापासून हीच पद्धत. बोलताना चेहरा काम करत असतो, ऐकताना तो उघडा असतो. आणि कॅमेऱ्यापुढच्या अभिनयाचा मोठा भाग समोरच्याचे ऐकण्यात जातो, त्यामुळे अशा फोटोतून निवड करणाऱ्यालाही नेमकी हवी ती माहिती मिळते. नजर थेट भिंगात हवी असल्याने कलाकाराने आवाज शेजारून ऐकायचा आणि पाहायचे मात्र भिंगात. पहिल्या काही मिनिटांत हे अवघड जाते, पण सहनटाकडे पाठ करून संवाद ऐकण्याची सवय रंगभूमीवरच्या माणसाला असतेच.

शरीराबाबत थोड्याच सूचना उरल्या आहेत. खांदे कॅमेऱ्याशी थोडे तिरके, चेहरा सरळ. हनुवटी आधी पुढे आणि मग किंचित खाली. हे करताना विचित्र वाटते, पण मानेचा आणि जबड्याचा भाग त्यामुळे वेगळा दिसतो. वरची पापणी ताणून डोळे मोठे करायचे नाहीत, ते घाबरल्यासारखे दिसतात. खालची पापणी अगदी थोडी आवळली की नजरेत आत्मविश्वास येतो. ‘हसा’ हा शब्द खोलीत कोणीही उच्चारायचा नाही. हसू हवे असेल तेव्हा दिग्दर्शक मित्र स्पर्धेच्या काळातल्या फजितीच्या गोष्टी काढतात आणि काम होते.

५ नोव्हेंबर

भाऊबीज होऊन सगळे परतले आणि काम पुन्हा सुरू झाले. दिवाळीचे नवे कपडे घालून येण्याची सर्वांची इच्छा होती, म्हणून कपड्यांची चर्चा आधीच उरकली. बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. छातीवर अक्षरे किंवा कंपनीचे चिन्ह नको. जरीचा काठ गळ्याजवळ आला की नजर चेहऱ्यावरून तिकडे जाते. गडद, एकरंगी, आधी चार वेळा घातलेला आणि अंगावर बसलेला कपडा सर्वांत चांगला, कारण त्यात माणूस अवघडत नाही.

भूमिकेची सूचना कपड्यातून किती द्यावी यावर वाद झाला. एका नटाने पोलिसाचा गणवेश भाड्याने आणायची तयारी दाखवली होती. आम्ही नको म्हटले. गणवेश, फेटा, वकिलाचा कोट असल्या पोशाखात चेहऱ्याआधी पोशाखच दिसतो आणि पाहणाऱ्याची कल्पना तिथेच थांबते. त्याच नटाने इस्त्री केलेला साधा खाकीसर शर्ट घालून कॉलर ताठ ठेवली, ताठ बसला, आणि अधिकारी दिसू लागला. इतपत सूचना पुरे.

स्त्री कलाकारांबाबत मंगळसूत्र आणि टिकली यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागला. मराठी मालिकांच्या जगात या दोन गोष्टींवरून पाहणारा लगेच घर, नाते आणि वय ठरवून टाकतो. टिकली आणि सुती साडी असली की आई किंवा वहिनी; टिकली नसेल तर तोच चेहरा प्राध्यापक, डॉक्टर किंवा पोलीस निरीक्षक म्हणूनही पाहिला जातो. बँकेतल्या ताईंना आजवर फक्त आईच्या भूमिकांसाठीच विचारणा झाली होती, कारण त्यांनी पाठवलेल्या सर्व फोटोंत त्या हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या नटलेल्या होत्या. त्यांचे दोन्ही प्रकारचे फोटो काढले आणि दागिने दोन्हींत टाळले. पांढरे झालेले केस झाकायचे का, असे त्यांनी विचारले. ऑडिशनला जाताना जसे असतील तसे, एवढेच मी म्हटले, आणि त्यांनी ते तसेच ठेवले.

दाढी असलेल्या नटांसाठी क्रम ठरला आहे: आधी दाढीसह, मग मिशी ठेवून, शेवटी गुळगुळीत, हे सगळे एकाच सकाळी. न्हावी खालच्याच गल्लीत आहे. गुळगुळीत दाढी केल्यावर त्वचा तासभर लालसर राहते, तेवढा वेळ मध्ये सोडायचा.

१२ नोव्हेंबर

निवडीचा दिवस. स्वतःचा फोटो स्वतः निवडता येत नाही हे पुन्हा दिसले. आरशात आपण स्वतःला उलट पाहतो, डावे उजवीकडे असते, त्यामुळे कॅमेऱ्यातला सुलट चेहरा सर्वांनाच थोडा परका वाटतो, आणि मग माणूस ज्यात आपण देखणे दिसतो तो फोटो पकडून बसतो. आम्ही प्रत्येकाचे मोजके फोटो वेगळे काढले आणि त्या कलाकाराबरोबर काम केलेल्या दुसऱ्या एका दिग्दर्शकाला दाखवून एकच प्रश्न विचारला: यातला आपला माणूस कोणता? उत्तरे फार झटपट आली आणि बहुतेक वेळा आमच्याशी जुळली.

दुसरी कसोटी आकाराची. निवडलेला फोटो फोनवर टपाल तिकिटाएवढा करून हातभर अंतरावरून पाहायचा. तेवढ्यात डोळे दिसले पाहिजेत आणि चेहऱ्याचा भाव कळला पाहिजे. या कसोटीत दोन सुंदर फोटो बाद झाले. दोन्हींत डोळ्यांच्या खोबणीत सावली होती आणि डोळ्यांत खिडकीच्या प्रतिबिंबाचा पांढरा ठिपका उमटला नव्हता.

चौकटीचे प्रमाण ४:५ ठेवले आहे. अमेरिकेत ८ बाय १० इंचांचा छापील फोटो आणि त्याच्या पाठीमागे जोडलेला कामाचा तपशील ही नटाची ओळख मानली गेली, आणि त्या फोटोचे प्रमाणही हेच. लंडनमध्ये १९२७ साली सुरू झालेल्या ‘स्पॉटलाइट’ या नटांच्या सूचीचे जाडजूड छापील खंड निघत, आता तीच सूची संगणकावर चालते. आपल्याकडे सर्वांना मान्य अशी एखादी सूची नसल्यामुळे फोटो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत राहतात, कोणी ते कापते, कोणी त्यावर मजकूर चिकटवते. म्हणूनच आपल्याकडून निघताना तो नीट बांधून निघावा असे मला वाटते.

१८ नोव्हेंबर

रिटचिंग, म्हणजे काढलेल्या फोटोंवर संगणकात हात फिरवणे. नियम एकच आणि सर्वांसाठी सारखा: आठवडा-पंधरा दिवसांत जे चेहऱ्यावरून आपोआप जाणार आहे ते काढायला हरकत नाही, जे राहणार आहे ते राहू द्यायचे. त्यामुळे तारुण्यपीटिका, दाढी करताना झालेली जखम, शर्टावरचा धागा, कपाळावर आलेला एखादा केस हे गेले. तीळ, देवीचे व्रण, भुवईतली लहानपणीची खोक, डोळ्यांखालच्या रेषा राहिल्या. डोळ्यांखालचा काळेपणा झोप न झाल्याने आलेला असेल तर किंचित हलका केला, कायमचा असेल तर हात लावला नाही. त्वचेची छिद्रे दिसलीच पाहिजेत. दात पांढरे करणे, डोळ्यांचे बुबुळ चमकवणे, जबडा आत घेणे हे काहीही नाही.

एका तरुणाने संगणकाने तयार केलेला स्वतःचा ‘हेडशॉट’ आणून दाखवला. सेल्फी दिली की कृत्रिम बुद्धिमत्ता सूट घातलेला, स्टुडिओतल्या प्रकाशातला चेहरा बनवून देते. चित्र पाहायला छान होते, पण भुवईतली खोक नव्हती, कान वेगळे होते आणि चेहऱ्यावरचा भाव कोणाचाच नव्हता. नटाचे सगळे भांडवल त्याचा स्वतःचा चेहरा आहे. तो बदलून पाठवला तर निवड झालीच तरी दुसऱ्याच कोणाची होईल, असे मी त्याला कळकळीने सांगितले. त्याने तो फोटो स्वतःहून पुसून टाकला.

२४ नोव्हेंबर

फोटो सुपूर्द केले. प्रत्येकाला दोन आकार दिले आहेत. छपाईसाठी २४०० बाय ३००० पिक्सेल, म्हणजे ८ बाय १० इंचांवर इंचाला ३०० ठिपके मिळतात, आणि फोनवरून पाठवायला एक हलकी फाइल. रंगांची व्यवस्था एसआरजीबी, म्हणजे बहुतेक पडद्यांवर चालणारी, ठेवली, नाहीतर काही पडद्यांवर त्वचा फिकी दिसते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि केसांचा, पापण्यांचा तपशील हरवतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. फाइलला कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक तसाच न ठेवता कलाकाराचे नाव, शहर आणि उंची लिहायची, म्हणजे महिन्याभराने शोधणाऱ्याला ती सापडेल. वय लिहायचे ते भूमिकेच्या वयाच्या टप्प्यात, म्हणजे अट्ठावीस ते पस्तीस असे, आणि उंची खरी, बुटाशिवाय मोजलेली.

याबरोबर आणखी एक गोष्ट आज सर्वांना बसवून सांगितली. आमच्यातल्या एका मुलीला गेल्या वर्षी एका एजन्सीने भूमिका नक्की आहे असे सांगून त्यांच्याच छायाचित्रकाराकडून पोर्टफोलिओ करून घ्यायला लावले होते. रक्कम आगाऊ घेतली आणि नंतर फोन उचलणे बंद केले. ऑडिशनसाठी पैसे द्यावे लागत नाहीत, आणि निवडीची अट म्हणून अमुक ठिकाणीच फोटो काढा असे सांगणारा माणूस काम देणारा नसतो. फोटोवर स्वतःचा पत्ता किंवा फोन क्रमांक छापू नये, तो संदेशात वेगळा लिहावा. आधार कार्डाची प्रत ऑडिशनच्या टप्प्यावर कोणालाही देऊ नये. मुलींना कोणी कार्यालयाबाहेर, हॉटेलवर किंवा रात्री उशिरा ‘फोटो काढायला’ बोलावले तर त्यांनी जाऊ नये, आणि पहिल्या भेटीला सोबत कोणीतरी असावे. हे बोलताना खोलीतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. नंतर त्यांच्याशी वेगळे बोलले.

८ डिसेंबर

दोन आठवड्यांत काय झाले त्याची नोंद. काही जणांकडून सेल्फ टेप मागवल्या गेल्या, काहींना अजून कोणाचाच निरोप नाही. बँकेतल्या ताईंना टिकलीविना काढलेल्या फोटोवरून एका न्यायाधीशाच्या छोट्या भूमिकेसाठी विचारणा झाली आणि त्यांनी शनिवारी रजा घेऊन टेप पाठवली. निकाल कळायचा आहे. सोलापूरच्या नटाला कोल्हापूरकडे चित्रीकरण होणाऱ्या एका मालिकेसाठी लूक टेस्टला, म्हणजे भूमिकेच्या वेशात कसा दिसतो ते पाहायला, बोलावले आहे. आरामनगरातल्या बाईंना आम्ही सर्वांचे फोटो पाठवले होते. त्यांनी कळवले की माणसे ओळखू येतात, पण दोघांच्या गंभीर फोटोंत राग आणि दुःख यांतले काय आहे ते कळत नाही. हे खरे आहे. त्या दोघांना पुन्हा बसवून प्रसंग अधिक नेमका देणार आहोत.

राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकासाठी एका नटाने डोके पूर्ण भादरले आहे. त्याचे महिन्याभरापूर्वीचे फोटो आता एकटे चालणार नाहीत, पण त्याने ते पाठवणे थांबवू नये, केस येईपर्यंत नव्या रूपाचे फोटो त्यांना जोडून द्यावेत असे ठरले. टक्कल असलेला तरुण चेहरा सहसा मिळत नाही. त्याचे सत्र येत्या रविवारी सकाळी नऊला आहे. डोक्याच्या गोलाईवर खिडकी फार चकाकेल, म्हणून खिडकीवर पातळ मलमल लावायची आणि काळे कापड दोन्ही बाजूंना धरायचे. मलमल तुळशीबागेतून आणायची आहे.